न उभ्या राहिलेल्या रेडिओचा सौदा

नौपाड्यातल्या माझ्या वकिलीच्या ऑफिसात संस्थांचीच कामं जास्त येतात. चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची खबर, हिशेबपत्रकं, घटनादुरुस्ती. २०२४ च्या जुलैत भर पावसात बेलापूरकडच्या एका कोळीवाड्यातल्या संस्थेचे सचिव आले. सोबत सफारीतले एक गृहस्थ. सचिवकाकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फाइल काढायच्या आतच गृहस्थ म्हणाले, "मॅडम, रेडिओचं लायसन्स माझ्या नावावर करायचंय. बारा लाखांत ठरलंय."

फाइल सामुदायिक रेडिओची होती. केंद्र सरकारचं आशयपत्र, फ्रिक्वेन्सी, मनोऱ्याच्या जागेची मंजुरी, मंत्रालयाशी झालेला करार, पंचवीस हजारांची बँक गॅरंटी. इतकी नीट लावलेली फाइल मी क्वचित पाहिली आहे. फक्त रेडिओ नव्हता. ट्रान्समीटरसाठी कबूल झालेली देणगी ऐनवेळी मिळाली नाही, आणि मंजुऱ्या हातात आल्यावर स्टेशन उभं करायला मिळणारे तीन महिने संपत आले होते.

करारातलं कलम मी दोघांपुढे ठेवलं. ही परवानगी दुसऱ्याला देता येत नाही.

"अमेरिकेत तर न बांधलेली स्टेशनंसुद्धा विकतात," गृहस्थ म्हणाले. खरं आहे ते. तिथे स्टेशन बांधायला तीन वर्षांचं परमिट मिळतं आणि तिथल्या दळणवळण आयोगाच्या मंजुरीनं ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं. आपल्याकडे ही परवानगी नफा न कमावणाऱ्या संस्थेला, तिच्या परिसरासाठी मिळते.

मग त्यांनी दुसरी वाट काढली. "लायसन्स राहू दे संस्थेकडेच. सगळे विश्वस्त राजीनामे देतील, माझी माणसं येतील. तुम्ही कलम २२ खाली चेंज रिपोर्ट टाका." कागदावर हे चालून जाण्यासारखं होतं, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. संस्था तीच, परवानगीला धक्का नाही, आणि बारा लाख मात्र विश्वस्तपदाची किंमत म्हणून मोजायचे! त्या रिपोर्टमधला मजकूर खरा आहे अशी सही काकांना करावी लागली असती.

"रेडिओवर काय लावणार?" मी विचारलं.

"आता ताशी बारा मिनिटं जाहिराती चालतात ना? माझ्या बांधकामाच्या साइट्स आहेत. बाकी वेळ गाणी."

काका इतका वेळ गप्प होते. मी तोच प्रश्न त्यांना विचारला, तर त्यांनी पिशवीतून एक वही काढली. पेन्सिलीनं आखलेला आठवडा. पहाटे भरती-ओहोटीच्या वेळा आणि वारा. दुपारी बचत गटाच्या बायका. गुरुवारी धवलारीण. लग्नात धवले गाणाऱ्या बाया गावात आता दोनच उरल्यात, असं ते म्हणाले. त्यातल्या एकीचा आवाज त्यांनी मोबाइलवर घेऊन ठेवला होता. त्यांनी तो लावला. बाहेर पाऊस इतका की अर्धे शब्द कळेनात, पण आवाज ऐकून आमची टायपिस्ट उठून दारात येऊन उभी राहिली.

सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये म्हटलं होतं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्या दुपारी ते मला पहिल्यांदा समजलं. शंभर वॅटचा ट्रान्समीटर, आवाज फार तर दहा-बारा किलोमीटर जाणार. पण तेवढ्यात त्यांचा सगळा किनारा येत होता.

मी हे काम घेणार नाही, असं सांगितलं. गृहस्थ छत्री उघडत निघून गेले. काका बसून राहिले. "घर चालवायला नको होते हो पैसे, ताई. संस्थेवर कर्ज झालंय," ते म्हणाले. मी त्यांना म्हसवडच्या माणदेशी बायकांच्या रेडिओचं सांगितलं. तो २००८ पासून चालू आहे, आणि तोही कुणा बिल्डरच्या पैशावर उभा राहिलेला नाही. कर्जाचं पुढे बघू, आधी मुदतवाढीचा अर्ज करू, असं ठरलं.

संध्याकाळी साडेसातला अर्ज टाइप झाला. "कारण" या रकान्यात काय लिहू, असं मी विचारलं. काकांनी वही माझ्याकडे सरकवली.

"ह्याची झेरॉक्स जोडली तर चालेल का?"