पायडल घरात मारायचं की पावसात?

कमरेभोवती टेप आला की बाई आधी श्वास आत ओढते आणि मग विचारते, "अक्का, तुमचं वजन सायकलनं उतरलं म्हणे. मी घरातली व्यायामाची सायकल घेऊ की बाहेर जाऊ? आता पावसात कसं करायचं?" बेळगावच्या वडगावात ब्लाऊज शिवायला बसून मला २१ वर्षं झाली. हा प्रश्न मृग निघाला की सुरू होतो आणि गणपतीपर्यंत चालतो, कारण सणासाठी जुने ब्लाऊज उसवायला याच दिवसांत येतात. तिथं उभ्या उभ्या मला धड उत्तर देता येत नाही, तोंडात टाचण्या असतात. म्हणून आज सांगते.

नुसतं पायडल मारून वजन उतरत असतं तर मी काडीसारखी असते. पहिली १२ वर्षं माझं मशीन पायाचं होतं. दिवसाला आठ तास पाय हलायचे आणि कंबर काही हलायची नाही. एकदा चाक फिरायला लागलं की तेच पुढं ओढत नेतं, पायाला जोर कसा तो लागतच नाही. घरातल्या व्यायामाच्या सायकलीवर जोर कमी-जास्त करायची गुंडी सैल सोडून, समोर मालिका लावून बसणाऱ्या बायकांचं हेच होतं. पडद्यावर ४०० कॅलरी दिसतात. त्या सायकलीला तुमचं वजन कुणी सांगितलेलं नसतं, मग तिनं तो आकडा आणला कुठून?

मी सायकल सुरू केली ती बाहेर, तीही ऐन पावसात. अंगात वारं शिरलं होतं म्हणा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, गरिबांचं महाबळेश्वर. इथं पुनर्वसूचा तरणा पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पहाटे येळ्ळूरच्या रस्त्याला लागायचे. दोन्ही बाजूंना शिवारात पाणी भरलेलं, बायका इरली आणि प्लास्टिक घेऊन रोप लावणीला वाकलेल्या, समोर ढगात राजहंसगड असला तर असला. त्या बायका मला बघून हसायच्या. एक म्हणाली, "वजन उतरवायचं हाय तर ये की आमच्यात."

थंडीत भिजल्यानं चरबी जास्त जळते अशी एक समजूत आहे, माझीही होती. पण पायडल मारताना अंग जेवढी शक्ती खर्च करतं, त्यातली पाचवा-चौथा हिस्साच चाकाला पोचते. बाकी सगळी उष्णता होते. म्हणजे पायडल चालू असेपर्यंत तुम्ही सहसा गारठत नाही, गारठता ते थांबल्यावर. पावसानं खर्च वाढवला तो फक्त वाऱ्याच्या रूपानं. हिंडलगा, उचगाव फाट्याकडं निघालं की पश्चिमेचं वारं तोंडावर. समोरच्या वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तिथं खरोखर दम लागतो. पण परतताना तेच वारं पाठीशी, पाय नुसते पायडलवर ठेवले की झालं. ओल्या रस्त्यावर उतार आला की ब्रेक धरूनच यायचं, कारण भिजलेल्या रिमवर रबर लगेच पकडत नाही. तासाभरात पाय खरे किती वेळ चालले हे मी एकदा घड्याळ लावून बघितलं, चाळीस मिनिटंसुद्धा भरली नाहीत.

आणि थांबल्यावरचा तो गारठा! हात आखडलेले, पोटात खड्डा. चहाच्या गाड्यावर भजी तळत असतात. माझी सगळी सायकल तिथंच वाया गेली.

हिशेब करून बघा. माझं तेव्हा ७४ किलो. मध्यम जोरानं तासभर पायडल मारलं तर किलोमागं सात कॅलरी धरायच्या, म्हणजे ५१८. त्यातल्या ७४ मी काजं-बटणं करत बसले असते तरी गेल्याच असत्या. उरल्या ४४४. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, म्हणजे सतरा-साडेसतरा तास पायडल. आता तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. भज्यांनी तीन चमचे तेल जरी प्यायलं असलं तरी तेवढ्यालाच सव्वाशेच्या आसपास झाल्या, म्हणजे सतरा मिनिटांचं पायडल गेलं. बेसन वेगळं, चहातली साखर वेगळी. पाहुणे आले म्हणून खव्याचा गोड कुंदा आणला असेल तर त्याचं नावच काढू नका.

मी गिऱ्हाइकांच्या वहीतच शेवटच्या पानावर माझं माप लिहिते. त्या वर्षी जुलैत ३१ पैकी ११ दिवस बाहेर पडले होते. बाकीचे दिवस झड, नाहीतर नाल्याचं पाणी रस्त्यावर, नाहीतर रेनकोट वाळला नाही. एका सकाळी रेल्वे फाटकात ओल्या रुळावर चाक तिरकं घातलं आणि आडवी झाले. रूळ काटकोनात ओलांडायचा असतो हे मला माहीत होतं, घाई नडली. गुडघा सुजला, तीन आठवडे घरी. जूनमध्ये कंबर ३९ इंच, गणपतीतही ३९.

पुढच्या वर्षी एका गिऱ्हाइकाकडून जुनी व्यायामाची सायकल घेतली. खरं सांगते, मला ती आवडत नाही. भिंतीकडं तोंड करून कुठंच न जाण्यासाठी घाम गाळायचा. शिवाय अस्तर पाण्यातून काढून वाळत घालायला पावसाळ्यात जागा नसते, तेव्हा हँडलवर कायम कुणाचं तरी अस्तर. पण तिनं नागा पडू दिला नाही. आठवड्यातले पाच दिवस, ४० मिनिटं, गुंडी एवढी आवळलेली की बोलताना वाक्य तुटलं पाहिजे. उतार नाही, ब्रेक नाही, भज्याचा गाडाही नाही. पंखा मात्र हवाच. घरात वारं लागत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते आणि वीस मिनिटांत माणूस पाय सोडून देतं. घाम जास्त म्हणजे चरबी जास्त, असं समजून पोटाला प्लास्टिक गुंडाळून बसणाऱ्या बायका मी बघितल्यात. काट्यावर अर्धा किलो कमी दिसतो, दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतो.

त्या गणपतीला कंबर ३७ आणि वजन ७१. पण सगळं श्रेय सायकलला देऊ नका. त्याच महिन्यांत मी रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात सोडला होता. आमच्याकडं शेतातला वासाचा तांदूळ असतो, तो सोडणं काय असतं ते इथल्यांनाच कळेल. दोन्हीतलं कशानं किती उतरलं हे मला सांगता येणार नाही, माझा कल भाताकडं आहे.

तेव्हा वजनासाठी म्हणून विचारत असाल तर पावसाचे तीन महिने घरात मारा, दसऱ्यानंतर बाहेर. मी अजून रविवारी पावसात जाते, पण ते वजनासाठी नाही. आठवडाभर सुईकडं बघून डोळे किरकिरतात, त्यांना तो लावणीचा हिरवा रंग लागतो. निघताना डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असते. गाड्यावर फक्त चहा घेते. बहुतेक वेळा.

परवा एक मुलगी आली, महिन्यावर भावाचं लग्न. सायकल आणायला दिलीय म्हणाली. "अक्का, घट्टच शिवा, तोवर उतरवते." तिनं सांगितला तसा घट्ट शिवला, आत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवून. उसवायला दहा मिनिटं लागतात.