सात पॉइंट दहा

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळात वहिनींचं इमिटेशन दागिन्यांचं दुकान आहे. साज, ठुशी, बांगड्या. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. मी दुकानांचे बोर्ड बनवतो; त्यांच्या बोर्डाचं काम साडेचार हजारांचं. एसीपीचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधे प्लास्टिक असलेल्या शीटचा साधा बोर्ड, त्यावर व्हिनाइलची चिकटवायची अक्षरं, लाइट नाही. घटस्थापना आठ दिवसांवर आलेली, माझ्याकडं मंडळांच्या फ्लेक्सची रांग लागलेली. म्हटलं, "वहिनी, माप तेवढं व्हॉट्सॲपवर टाका."

उद्यमनगरातल्या माझ्या वर्कशॉपपासून ते दुकान गाडीवर पंधरा मिनिटांवर. तरी गेलो नाही.

मेसेज आला: रुंदी ७.१०, उंची २२ इंच. मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटांचं युनिट ठेवून ७.१० टाकलं. त्यानं शेवटचं शून्य गिळलं आणि ७.१ दाखवलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ७.१ फूट म्हणजे ८५ इंच. तेवढा बोर्ड कापला, कडा दुमडल्या, अक्षरं चिकटवली.

रस्त्यावरची गर्दी ओसरल्यावर रात्री साडेदहाला दोन पोरं घेऊन गेलो. बोर्ड वर धरला. डावी कड खांबाला बरोबर टेकली. उजवीकडं शेजारच्या दुकानाच्या फ्रेमपर्यंत वीतभर भिंत उघडीच. वहिनी खालून म्हणाल्या, "पुढचा दात पडल्यावाणी दिसतंय की रे."

"माप तुम्हीच दिलंय ओ."

"मी सोता स्टुलावर चढलो होतो, शिंप्याचा टेप घेऊन!" त्यांनी खांबाकडं बोट दाखवलं. तिथून ६० इंचांवर टेप संपला तिथं पेन्सिलीची रेघ होती, आणि तिच्यापुढं ३४. एकूण ९४ इंच, म्हणजे ७ फूट १० इंच. वहिनींचं माप सुतासारखं बरोबर होतं. पॉइंट वाचायला मी चुकलो होतो. त्यांच्या लेखी तो पॉइंट फूट आणि इंच यांच्या मधला होता, माझ्या लेखी दशांश.

गोष्ट इथंच संपली असती तर मी एवढंच शिकलो असतो, की माप इंचातच मागायचं. पण आता आलोच आहे तर म्हणून माझा टेप लावला. डावीकडं उंची २२, उजवीकडं साडेवीस. वरच्या जुन्या माडीची तुळई उजव्या अंगाला दबलेली. म्हणजे मी ९४ बाय २२ चा बोर्ड चोख करून आणला असता, तरी तो त्या जागेत शिरलाच नसता. वर उजव्या कोपऱ्यात मीटरच्या वायरीचा पाइप भिंतीला घासून खाली आलेला. ड्रिल मारलं तर तांबडा भुगा आणि मागोमाग माती. स्क्रू पकडणारा फासनर आवळायला गेलं की भोकातच गरगर फिरत होता. यातलं कुठलं मेसेजमध्ये आलं असतं? वहिनींना विचारलं ते त्यांनी सांगितलं. तुळई दबलीय का, हे मी विचारलंच नव्हतं.

नवा बोर्ड २० इंच उंचीचा केला, पाइपाला कोपऱ्यात खाच घेतली. एसीपीचं शीट आठ बाय चार फुटांचं. ९४ इंच आणि दोन्ही कडांना दुमडायला एक-एक इंच धरून बरोबर ९६, कापताना पात्याच्या जाडीएवढीही चूक चालणार नव्हती. डावीकडं उरलेल्या फटीला निमुळती पट्टी. भिंतीवर भरवसा नव्हता, म्हणून चौकोनी पाइपाची फ्रेम करून ती डावीकडं खांबाला आणि वर तुळईला धरली.

दोन इंच गेले ते अक्षरांच्या वाट्याचे. वहिनींच्या भाचीनं डिझाइनमध्ये इंग्रजी नाव मोठं आणि मराठी खाली बारीक ठेवलं होतं. ते असंही चाललं नसतं. २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको. मराठी वर घेतलं, इंग्रजी खाली आवळलं. भाची दोन दिवस फुगून होती. घटस्थापनेच्या आदल्या रात्री बोर्ड लागला. वहिनींनी ठरलेले साडेचार हजारच दिले, जास्त मागायला मला तोंड नव्हतं. शीट, व्हिनाइल, पोरांची दुसरी रात्र धरली तर पदरचेच गेले.

आमच्या धंद्यातले बरेचजण म्हणतात, पाच हजारांच्या आतलं काम असेल तर जागेवर जाणं परवडत नाही. मी पण तेच म्हणायचो. आता रक्कम बघत नाही. मोकळ्या भिंतीवर लटकणारी पाटी असेल तर टेप लावून काढलेला फोटो बास, इंचभर इकडंतिकडं झालं तर कुणाला कळत नाही. पण बोर्ड दोन वस्तूंच्या मधे बसायचा असेल, तुळई आणि शटर, खांब आणि शेजारी, तर हजाराचं काम असलं तरी मी जातो. रुंदी वर, मधे, खाली अशी तीनदा घेतो, उंची दोन्ही टोकांना. भिंतीत एक बारीक भोक मारून भुग्याचा रंग बघतो.

मापाचे दोनशे रुपये घेतो, काम दिलं तर बिलातून वजा. "मापाला बी पैसं?" असं एक-दोघांनी ऐकवलं. एकानं माझं माप घेऊन दुसरीकडनं बोर्ड करून घेतला. घेऊ दे, दोनशे तर आले.

वहिनींचा पहिला बोर्ड वर्कशॉपात बरेच दिवस भिंतीला टेकून होता. ८५ इंचांचं दुकान काही मिळेना. शेवटी कडा उडवून त्याचे तुकडे केले. सध्या त्यातनं घरांच्या दारावरच्या पाट्या निघतायत. त्यांचं माप मात्र मी फोनवरच घेतो.