जमिनीखाली आहे, तर काढत का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. टेक्सासात मी बरीच वर्षं तेलविहिरींचे हिशेब तपासले. त्यामुळे अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की हा प्रश्न माझ्याकडे हटकून येतो: "एवढं तेल पायाखाली आहे, तर काढत का नाहीत? काढलं की पेट्रोल स्वस्त होईलच ना?"

प्रश्न जुनाच. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सननी १९८० पर्यंत देश इंधनात स्वावलंबी करू, असं जाहीर केलं. १९८० आलं, गेलं.

२००८ चं भांडण मला लख्ख आठवतं. जुलैत कच्चं तेल बॅरलला १४७ डॉलरपर्यंत चढलं होतं. रिपब्लिकन म्हणत, खोदायला समुद्र उघडा, अलास्का उघडा. 'ड्रिल, बेबी, ड्रिल' ही घोषणा त्यांच्या त्याच वर्षीच्या अधिवेशनातली. डेमोक्रॅट किनारे वाचवायला उभे. आणि तेल निघालं भलतीकडूनच! टेक्सास आणि नॉर्थ डकोटातल्या शेल नावाच्या घट्ट खडकातून, बहुतांशी खासगी जमिनीखालून. तिकडे जमिनीखालच्या तेलाचा मालक साधा शेतकरीही असू शकतो. कंपनी त्याच्याशी करार करते, रॉयल्टी, म्हणजे उत्पन्नातला वाटा, देते. वॉशिंग्टनचा त्यात फारसा संबंध येत नाही. २००८ मध्ये सगळ्या देशात दिवसाला ५० लाख बॅरल निघायचं, २०१५ मध्ये ९० लाखांच्या वर. मधली जवळजवळ सगळी वर्षं ओबामांची, ज्यांना विरोधक तेलाचा वैरी म्हणत. श्रेय त्यांनाही द्यायला नको. भाव चढा होता, कर्ज स्वस्त होतं, आणि आडवी विहीर खोदून खडक फोडायचं तंत्र हाती आलं होतं.

बरं, स्वस्ताईचं काय? २०१८ मध्ये अमेरिका जगातली सर्वांत मोठी तेल उत्पादक झाली. तरी जून २०२२ मध्ये, रशिया-युक्रेन युद्धाच्या धामधुमीत, तिथल्या पंपांवर गॅलनची सरासरी पाच डॉलरवर गेली. विहीर तुमच्या अंगणात असली तरी भाव जगाच्या बाजारात ठरतो. त्यात शेलचं तेल हलकं, आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या अमेरिकेतल्या बऱ्याच रिफायनऱ्या जड तेलासाठी बांधलेल्या. म्हणून देश एकीकडे तेल विकतो, दुसरीकडे विकत घेतो. खोदणं फुकट गेलं असं मात्र नाही. आयातीचं ओझं उतरलं, टेक्सासची तिजोरी भरली. (हवामानाचा प्रश्न वेगळा, आणि याहून मोठा, पण तुम्ही विचारलंत ते भावाबद्दल.)

आमच्या कचेरीत नव्या विहिरीचा कागद टेबलावर आला की पहिला प्रश्न एकच असायचा: भाव किती धरायचा? अध्यक्ष कोण, हे त्या कागदावर कुठेच नसे.

अलास्कातल्या आर्क्टिक अभयारण्याचंच बघा. तिथे खोदू द्यावं की नाही, यावर अमेरिकेच्या संसदेत अनेक दशकं रणं माजली. अखेर २०१७ च्या कायद्याने दार उघडलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या खोदकामाच्या हक्कांच्या पहिल्या लिलावाकडे बड्या कंपन्या फिरकल्याच नाहीत. बहुतेक बोल्या अलास्का राज्याच्याच एका संस्थेच्या. जानेवारी २०२५ मध्ये दुसरा लिलाव पुकारला. मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती.