३४० रुपयांसाठी गोठलेलं खातं: माझा अनुभव

कराडला तहसील कचेरीच्या बोळात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. जून हा आमचा सुगीचा महिना. वह्या, कव्हरं, प्रवेशाचे अर्ज, जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांच्या झेरॉक्स. सकाळी नऊला सुरू केलेलं मशीन रात्रीपर्यंत गार पडत नाही. २०२५ साली शाळा १६ जूनला उघडणार होत्या. ११ तारखेला, बुधवारी, पुण्याला अप्पा बळवंत चौकातल्या होलसेलवाल्यांना २८ हजार पाठवायचे होते. ते पोचले की रात्रीच्या गाडीत माल चढणार होता.

पैसे जाईनात. तीनदा पाठवून बघितले. मला वाटलं सर्व्हर डाउन असेल. पण काउंटरवरचा साउंड बॉक्स नेहमीसारखा बोलत होता. दहा रुपये प्राप्त झाले, सहा रुपये प्राप्त झाले. दुकानात मदतीला असलेली पोरगी म्हणाली, "दादा, पैसे तर येताहेत की!" येत होते. पण आलेला एक रुपयाही मला बाहेर काढता येत नव्हता. डेबिट फ्रीज म्हणजे काय हे मी त्या दिवशी शिकलो: खात्यात येणारी वाट उघडी, बाहेर पडणारी बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी नेमकं कळेपर्यंत गिऱ्हाइकं पैसे टाकत राहिली आणि ते सगळे त्याच कुलपाआड जमा होत गेले.

बँकेतल्या मॅडमनी स्क्रीन बघून सांगितलं, "सायबरवरून आलंय. आमच्या हातात काही नाही." मी म्हटलं, मॅडम, मी काय केलंय तेवढं तरी सांगा. त्यांनी खालच्या आवाजात, सहानुभूतीनं सांगितलं की रोज एकदोन जण हेच विचारायला येतात. मग एका कागदावर चार ओळी छापून दिल्या: दुसऱ्या राज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याचं नाव, तक्रारीचा पावती क्रमांक, व्यवहाराचा बारा आकडी नंबर आणि वादातली रक्कम. रक्कम होती ३४० रुपये. माझ्या खात्यात त्या दिवशी ६१ हजारांच्या वर शिल्लक होती, आणि ती सगळी बंद होती.

हे का होतं ते आता मला नीट कळलंय, म्हणून सांगतो. एखाद्याला फसवून पैसे काढले की चोर ते स्वतःच्या खात्यात ठेवत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या, भाड्यानं घेतलेल्या खात्यात टाकतो. तिथून पाच खात्यांत, त्या पाचांतून आणखी वीसांत. ज्याचे पैसे गेले तो १९३० या नंबरवर किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करतो, आणि २०२१पासून चालू असलेल्या यंत्रणेतून तो निरोप बँकांना जातो. पैसा जिथे जिथे गेला ती प्रत्येक पायरी म्हणजे एक लेयर. मॅडम म्हणाल्या, तुम्ही चौथ्या लेयरमध्ये आहात. म्हणजे चोराकडून एकाकडे, त्याच्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यानं माझ्या दुकानात येऊन काहीतरी काम करून घेतलं.

ही यंत्रणा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ती किती मोलाची आहे ते मी स्वतः बघितलंय. मागच्या दिवाळीच्या सुमारास आमचे एक निवृत्त गुरुजी थरथरत दुकानात आले होते. वीजबिल भरलं नाही, रात्री लाइट तोडू, असा फोन त्यांना आला होता आणि त्या नादात त्यांचे ८६ हजार गेले होते. १९३० मीच लावला, काउंटरवरून. गुरुजींना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, पासबुकातले नंबर एकेक करून सांगितले. त्यातले ५२ हजार पुढच्या एका खात्यात अडवले गेले आणि काही महिन्यांनी कोर्टाच्या आदेशानं परत मिळाले. पहिल्या तासाभरात फोन झाला म्हणून ते वाचले. तेव्हा अडवायला हवंच, आणि लगेच अडवायला हवं. माझं भांडण एवढ्याशीच आहे की ३४० रुपयांसाठी ३४० अडवावेत.

पुढचे दिवस कसे गेले ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. मशीनच्या कर्जाचा हप्ता १५ तारखेला होता, तो परतला आणि वर दंड लागला. दुकानातल्या पोरीचा पगार मी बायकोच्या बचत गटातून उसने घेऊन दिला. होलसेलवाल्यांनी मात्र बावीस वर्षांच्या ओळखीवर निम्मा माल उधारीत पाठवला. "आधी दुकान चालू ठेवा, पैसे बघू," एवढंच म्हणाले. हे उपकार मी विसरणार नाही.

त्या पोलीस ठाण्याचा फोन आठ दिवस कुणी उचलला नाही. नवव्या दिवशी उचलला. "भाईसाब, आयओ छुट्टी पर हैं. आपको आना पड़ेगा." आयओ म्हणजे तपास अधिकारी. तिकडे जायचं म्हणजे रेल्वेचे दोन दिवस, परतीचे दोन दिवस, ऐन जूनमध्ये दुकान बंद, आणि गेल्यावर साहेब भेटतील याची हमी नाही. त्याच आठवड्यात मला एका अनोळखी माणसाचा फोन आला. एनओसी, म्हणजे खातं मोकळं करायला पोलिसांचं ना-हरकत पत्र, काढून देतो म्हणाला, शिल्लक रकमेच्या पंधरा टक्के द्या. माझं खातं गोठलंय हे त्याला कुठून कळलं, या विचारानं मला रात्रभर झोप लागली नाही. मी त्याला नाही म्हटलं आणि नंबर लिहून ठेवला. ज्यांचं खातं असं अडकलंय त्यांना हात जोडून सांगतो, या लोकांना पैसे देऊ नका, कागदपत्रंही पाठवू नका.

मार्ग सापडला तो साताऱ्याला. तिथल्या सायबर शाखेतल्या एका फौजदार मॅडमनी अर्धा तास दिला. तक्रार इथली नसल्यामुळे फ्रीज त्या उठवू शकत नव्हत्या, पण काय करायचं ते सांगत होत्या. "आधी तो व्यवहार शोधा. कुणी दिले, कशाचे दिले, तुम्ही बदल्यात काय दिलंत, याचा पुरावा लावा. मग तपास अधिकाऱ्याला मेल करा. त्या राज्याच्या सायबर नोडल अधिकाऱ्याचा मेल पोर्टलवर आहे, त्यांनाही लावा. बँकेलाही लावा. फोनवर काही होणार नाही, लिहूनच द्या." त्या फोनवाल्याचा नंबरही त्यांनी घेतला.

मग मी डायऱ्या काढल्या. वडिलांची शिकवण आहे, पाच रुपयांचं काम केलं तरी वहीत ओळ पडली पाहिजे. झेरॉक्सवाल्यानं वही कशाला ठेवायची, असं मला खूप जणांनी ऐकवलंय. बँकेच्या उताऱ्यात तो बारा आकडी नंबर २७ मे रोजी, दुपारी सव्वाबाराला सापडला. वहीत त्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ११० पानं प्रिंट, २२०. स्पायरल दोन, १२०. एकूण ३४०. कुणाचा तरी कॉलेजचा प्रोजेक्ट असणार. तो मुलगा आठवायचा मी खूप प्रयत्न केला. तो चोर असेल असं मला वाटत नाही. कुठल्याशा पार्टटाइम कामाचे, नाहीतर मित्राकडून आलेले पैसे त्याच्याकडे असतील. कदाचित त्याचंही खातं बंद असेल आणि त्याच्याकडे वही नसेल.

शाळेतला एक मित्र वकील आहे. फी न घेता त्यानं अर्ज लिहून दिला आणि कायदा समजावला. बँक खातं ही मालमत्ता आहे आणि तपासासाठी पोलीस ते गोठवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये एका खटल्यात सांगितलं, आणि तो खटला महाराष्ट्र सरकारचाच होता. त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १०२ होतं. १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १०६ झालंय. पण त्याच कलमात असंही आहे की जप्ती केली की पोलिसांनी ताबडतोब मॅजिस्ट्रेटला कळवायचं. केरळ उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये बँकांना सांगितलं की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली असेल तेवढ्यापुरतंच अडवा. आणि दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका गाडीवाल्याचं अख्खं खातं १०५ रुपयांसाठी बंद झालं होतं; जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं ते चालू करायला लावलं. हे वाचून मला रडूच आलं. माझ्यासारखाच धंदा, माझ्यासारखीच रक्कम, आणि तो माणूस उच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

अर्जात आम्ही एकच मागणी ठेवली: वादातले ३४० रुपये तपास संपेपर्यंत धरून ठेवा, बाकीचं खातं मोकळं करा. सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स, बँकेचा उतारा, शॉप ॲक्टचा दाखला, उद्यम प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि दुकानाचा फोटो. तीन ठिकाणी मेल केला, बँकेत छापील प्रत देऊन शिक्का मारून घेतला. बँकेनं तो अर्ज त्यांच्या वरच्या कायदा विभागाकडे पाठवला. ३ जुलैला, तेविसाव्या दिवशी, दुपारी मी सहज पाच रुपये बायकोच्या खात्यावर पाठवून बघितले आणि ते गेले. फ्रीज उठून फक्त ३४० रुपयांवर लीन लागलं होतं. लीन म्हणजे तेवढीच रक्कम धरून ठेवणं. मी मशीन बंद केलं आणि आधी पुण्याला पैसे पाठवले.

त्याच जुलैत बंगळुरूची बातमी आली. तिथल्या विक्रीकर खात्यानं यूपीआयवरच्या जमेचे आकडे बघून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, आणि दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. आमच्या बोळातही दोघांनी लावल्या. मला तो घाबरलेला माणूस कळतो, तरीही मी पाटी लावली नाही. २०१६ साली नोटा बंद झाल्या तेव्हा सुट्ट्यांवाचून आमचा धंदा महिनाभर बसला होता आणि याच यूपीआयनं पुढे आम्हाला सावरलं. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर काही शुल्क नाही. छोट्या व्यवहारांसाठी २०२४-२५ या वर्षात केंद्रानं १५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. ही चांगली धोरणं आहेत, आणि ज्यांनी ती आणली त्यांचा पक्ष कुठलाही असो, मी त्यांचे आभार मानतो. ऑगस्टमध्ये एका महिन्यात यूपीआयचे २००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. त्यातले काही हजार माझ्या काउंटरवरचे आहेत आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

म्हणूनच खासदारांना मी सविस्तर पत्र लिहिलं. व्यवहार फुकट व्हावेत म्हणून सरकार एवढा पैसा घालतं, तर खातं अडकल्यावर ज्याच्यापुढे जाऊन बोलता येईल असा एक माणूस प्रत्येक जिल्ह्यात बसवावा. खातं थांबवतानाच मोबाईलवर मेसेज यावा की कुठल्या ठाण्यानं, किती रकमेसाठी, कुठल्या व्यवहारावरून थांबवलंय. लहान रक्कम असेल तर तेवढीच धरावी, आणि दुकानदाराचा जबाब त्याच्या जवळच्या पोलीस ठाण्यात घेऊन पुढे पाठवावा. गुरुजींसारख्यांचे पैसे यानं कमी वाचणार नाहीत. पत्राची पोच आली आहे. अधिवेशनाच्या आधी मी भेटायची वेळ मागितली आहे आणि बोळातले आणखी अकरा दुकानदार सोबत येणार आहेत.

दुकानात आता मी दोन खाती ठेवली आहेत. साउंड बॉक्स एका खात्याला जोडलेला आहे, आणि रोज रात्री कुलूप लावण्याआधी त्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात जाते. हप्ता, पगार, माल, सगळं त्या दुसऱ्या खात्यातून. वहीत आता रकमेपुढे व्यवहाराच्या नंबरचे शेवटचे चार आकडेही लिहितो. पोरगी गिऱ्हाइकाला विचारून लिहून घेते. वेळ जातो, पण लोक समजून घेतात.

ते ३४० रुपये अजून धरलेलेच आहेत. तक्रारीतून माझं नाव निघावं म्हणून ७ जुलैपासून दर सोमवारी मी त्या ठाण्याला मेल करतो, वहीच्या त्याच पानाची झेरॉक्स जोडून. २७ ऑक्टोबरला सतरावा गेला.