तीन तास एका फटीकडे बघत

आईला फोनवर सांगितलं, पक्केला चाललोय. ती म्हणाली, अगं पक्कं झालं ते कळलं, पण कुठे?

तर पक्के हे जागेचं नाव आहे. अरुणाचल प्रदेशात, आसामच्या सीमेला चिकटून, पक्के व्याघ्र प्रकल्प, साधारण 862 चौरस किलोमीटर. पण मला वाघ बघायचा नव्हता. वाघासाठी एका ठिकाणी वीस-पंचवीस जिप्सींच्या गर्दीत उभं राहून पुढच्या माणसाच्या टोपीचे फोटो काढून झालेत माझे, त्यामुळे यंदा ठरवलं होतं की धनेश, म्हणजे हॉर्नबिल पक्षी बघायचा, तोही घरट्यावर, आणि गावातले लोक दाखवतील तसा.

गुवाहाटीहून तेजपूर, तिथून इटाखोलापर्यंत चांगला हायवे आणि मग डावीकडे वळून सेइजोसा. वाटेत चहाचे मळे आणि भातशेती बघत पुढे गेलं की एकदम समोर हिरवी भिंत उभी राहते. इनर लाइन परमिटची, म्हणजे अरुणाचलात शिरायला लागणाऱ्या परवान्याची प्रिंट मी तेजपूरच्या हॉटेलातल्या टेबलावर विसरले होते आणि फोनला नेमकी तिथेच रेंज नाही, त्यामुळे गेटवर पाऊण तास उन्हात उभं राहून ड्रायव्हरच्या फोनवरून मेल उघडला आणि त्या पाऊण तासात नवऱ्याने जो चेहरा केला होता त्याबद्दल इथे लिहीत नाही.

राहायला दारलोंग गावातला कॅम्प. हा गावकऱ्यांच्याच घोरा-आभे सोसायटीचा. 2006 साली इथल्या गावबुढ्यांनी, म्हणजे सरकारमान्य लाल कोट घालणारे गावचे मुखिया असतात ना, त्यांनी मिळून ही सोसायटी काढली आणि शिकार, झाडतोड बंद म्हणून ठरवलं, जो मोडेल त्याला दंड. हे न्यीशी जमातीचे लोक. यांच्या पुरुषांच्या पारंपरिक टोपीवर समोर धनेशाची अख्खी चोच बसवलेली असते, आणि ती पूर्वी अर्थातच खऱ्या पक्ष्याची असायची. म्हणजे ज्या पक्ष्याचा सगळ्यात जास्त मान, त्यालाच मारायचं. आता फायबर ग्लासची चोच लावतात. कॅम्पवर एकाने मला हातात दिली होती, पिवळा रंग थोडा उडालेला, कडेला स्क्रॅच पडलेले, आणि वजन बघून मी म्हटलं अरे ही तर चांगली हलकी आहे, तर तो हसून म्हणाला, नाच में अच्छा रहता है. मला वाटतं परंपरा बदलायचं असं साधं कारणही पुरतं कधीकधी, डोकं दुखत नाही!

महाधनेशाला, म्हणजे ग्रेट हॉर्नबिलला न्यीशी भाषेत पागा म्हणतात. गंमत म्हणजे आसामीतही धनेशच, आपल्यासारखं. कोकणात आमच्या आजोळी मात्र याला सरळ गरुड म्हणायचे आणि मी पाचवीपर्यंत विष्णूचं वाहन हेच समजत होते, वर एवढी जड चोच घेऊन बसायला जागा कुठे उरत असेल असा प्रश्नही पडायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला निघालो. तिकडे त्या वेळी चांगलं उजाडलेलं असतं, घड्याळ आपलं आणि सूर्य त्यांचा. सोबत एक दादा, पन्नाशीचे असतील, घरट्याचे राखणदार. पक्केच्या शेजारी पापुम राखीव जंगल आहे, तिथली घरटी गावातली माणसं राखतात. 2011-12 पासून घरटी दत्तक घ्यायची योजना आहे, शहरातले लोक पैसे देतात आणि त्यातून या राखणदारांना पगार मिळतो. सोसायटी, वनखातं आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन ही संस्था अशी तिघांची मिळून ती चालते. अपराजिता दत्ता या शास्त्रज्ञ नव्वदच्या दशकापासून तिथल्या धनेशांवर काम करतायत. त्यांना त्यासाठी 2013 मध्ये व्हिटली हा निसर्गसंवर्धनाचा पुरस्कारही मिळाला. दादा स्वतः तरुणपणी शिकारी होते. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, आपण "मी आधी बँकेत होतो" सांगतो तसं.

जंगल कसलं आहे ते! उंचच उंच झाडं, त्यांना वेली गुंडाळलेल्या, खाली वेत आणि केळी, आणि पाय ठेवला की जळू. माझ्या सॉक्सवर सात निघाल्या, मोजल्या. वाटेत एक काळीशार मोठी खार दिसली, आपल्या शेकरूची तिकडची बहीण म्हणा, पण रंग एकदम काळा आणि पोट पिवळट. हत्तीची लीद ताजी होती त्यामुळे दादा थांबले, कान देऊन ऐकलं, मग हाताने चला अशी खूण.

घरटं होतं एका भेलूच्या झाडावर. हे झाड म्हणजे पांढुरकं खोड सरळ वर गेलेलं आणि बुंध्याशी भिंतींसारखी मुळं, त्यांच्या मधे माणूस उभा राहिला तर दिसणार नाही. आम्ही बरंच लांब, झावळ्यांच्या आडोशामागे बसलो. दादांनी बोट केलं. मला काही दिसेना. मग दुर्बिणीतून दिसली ती खोडावरची एक उभी फट, चार बोटांची असेल. बस. आत मादी.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, सालीचे तुकडे असं सगळं लिंपून तोंड बंद करून घेते, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून जातात. म्हणजे बाहेर नर मेला किंवा कोणी मारला तर आत मादी आणि पिल्लू दोघांचीही पंचाईत. पुस्तकात वाचलेलं होतं हे, पण समोर ती फट बघताना वेगळंच वाटतं, एवढ्या मोठ्या पक्ष्याचं सगळं घर एका चार बोटांच्या फटीवर.

तासभर काही नाही. दोन तास काही नाही. बारीक माशा चावतायत, पाय बधिर, नवरा डुलक्या काढतोय. मी कुजबुजले, येईल ना? दादा म्हणाले, "आएगा. हल्ला मत करो." म्हणजे आवाज करू नका.

आणि मग आवाज आला. आधी आवाजच येतो. जुनं वाफेचं इंजिन लांबून यावं तसं हुफ्फ हुफ्फ हुफ्फ, पंखांचा आवाज आहे हा, आणि डोक्यावरून एवढा मोठा काळापांढरा पक्षी जाऊन फटीशी खोडाला बिलगला. मान वर केली, घशातून एक उंबर काढलं, चोचीच्या टोकावर आणलं, अगदी हळू, आपण आजारी माणसाला द्राक्ष भरवतो तसं फटीत दिलं. आतून चोचीचं टोक दिसलं, घेतलं, गेलं. परत मान वर, परत एक. एक एक करत. मी मोजत होते, माझी 43 झाली. दादा वहीत रेघा मारत होते, त्यांची 41. मी म्हटलं 43 होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि 41 लिहिलं.

फोटो? लेन्सवर बाष्प. सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे आलेत. चालायचंच.

नर गेल्यावर दादांनी झाडाखालची जागा लांबूनच दाखवली, बियांचा सडा पडलेला आणि त्यातून कितीतरी रोपं उगवलेली. मोठ्या बियांची फळं गिळून जंगलभर पसरवायचं काम हाच पक्षी करतो. परतताना मात्र कुठूनतरी लांबून करवतीची घरघर ऐकू आली, यंत्राची. दादा चालायचे थांबले नाहीत, फक्त म्हणाले, "रात को भी चलता है." पापुमच्या जंगलात चोरटी तोड चालते हे वाचून गेले होते मी, पण कानावर पडल्यावर दिवसभर डोक्यातून गेलं नाही. सोसायटी झाली, दंड झाला म्हणजे सगळं आलबेल असं चित्र रंगवून मी परत आले तर तो खोटेपणा होईल.

संध्याकाळी नदीकाठी बसलो. रीथ्ड हॉर्नबिल जोडीजोडीने पलीकडच्या झाडांवर झोपायला येत होते, आणि ओरिएंटल पाइड, म्हणजे आपल्या कवड्या धनेशाचा चुलतभाऊ, त्यांचा कलकलाट वेगळाच. रात्री जेवायला भात, बांबूच्या कोंबांची आमटी आणि धुरावलेलं पोर्क. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, नाहीतर माझ्या नवऱ्यासारखं दोन दिवस अंडं-भात.

ऑगस्टमध्ये दादांचा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, बच्चा निकल गया. फोटोत भेलूचं खोड, आणि ती फट आता फट नव्हती, कडेचं लिंपण फोडलेलं मोठं काळं भोक होतं. मी लगेच आईला पाठवला. तिचा फोन आला, अगं यात पक्षी कुठाय?