आपला विश्वासू

आमच्या घरी चहाचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात चहा शेवटचा कधी होता हे सांगू शकेल असं माणूस आता घरात उरलेलं नाही. मला आठवतं तेव्हापासून त्यात चिठ्ठ्याच आहेत. आजीने दुरेघी वहीच्या पानांच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापल्या, एकेका पट्टीवर पवित्र शास्त्रातलं एकेक वचन लिहिलं आणि त्यांच्या सुरळ्या करून डबा भरला. ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपून आम्ही देवळातून परत यायचो (नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणत). मग आजी डबा पदरात घेऊन बसायची आणि घरातल्या प्रत्येकाने डोळे मिटून एक सुरळी काढायची. निघालं ते त्याचं वर्षाचं वचन. दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, "तुला काय निघालं रे?"

आता अशा पेट्या विकत मिळतात. पावाच्या लादीच्या आकाराची प्लॅस्टिकची डबी, आत रंगीत कार्डं, कडा गुळगुळीत. व्हॉट्सअ‍ॅपवर तर वर्षाचं वचन घरपोच येतं, मागे सूर्योदयाचं चित्र. आमचे एक पाळकसाहेब या प्रकारावर फार चिडायचे. "शास्त्र वाचायचं असतं, लॉटरीसारखं ओढायचं नसतं," असं त्यांनी व्यासपीठावरून ऐकवलं होतं. त्यावर आजीने घरी येऊन शास्त्रातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकातलं काढून दाखवलं, की चिठ्ठ्या माणसं पदरात टाकतात, पण निकाल परमेश्वराचा असतो. "पदरात लिवलंय, बघ," ती मला म्हणाली, आणि स्वतःच्या पदराकडे अशा काही नजरेने पाहिलं की ती सूत्रं लिहिणाऱ्या शलमोन राजाने तो पाहूनच लिहिलं असावं.

पुढे कधीतरी वाचलं, की ही खोड आजीची किंवा आमच्या गावाची नव्हेच. जर्मनीतल्या हेर्नहूट नावाच्या खेड्यात मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या विश्वासणाऱ्यांची वसाहत होती. तिथे ३ मे १७२८ रोजी त्या वसाहतीचे पुढारी काउंट झिंझेंडॉर्फ यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं आणि तो रोजचा प्रघात पडला. १७३१पासून वर्षभराची वचनं छापून निघू लागली. जुन्या करारातली वचनं तिथे अजूनही चिठ्ठ्या काढूनच ठरवतात. म्हणजे आमचा डबा काही अगदीच गावठी नव्हता.

खरी गंमत मात्र मराठीने केली आहे. आमच्याकडे शास्त्रातल्या ओळीलाही वचन म्हणतात आणि दिलेल्या शब्दालाही वचनच. शब्बाथ शाळेत बाई म्हणायच्या, "पुढच्या रविवारी वचन पाठ करून या." लहानपणी मला वाटायचं, शास्त्रातली प्रत्येक ओळ म्हणजे देवाने कुणाला तरी दिलेला शब्दच. आजीलाही तसंच वाटत असावं, कारण तिच्या डब्यात 'येशू रडला' हेसुद्धा होतं. आम्हा पोरांना ते निघावं अशी फार इच्छा. दोनच शब्द, पाठांतर झटपट. पण यात वचन कसलं? देव आपल्याला काय देणार, रडू?

आजीचा डबा विकतच्या पेट्यांपेक्षा वेगळा होता तो इथेच. त्या पेट्यांत सगळी कार्डं गोड. 'जगात तुम्हांला क्लेश होतील' हे कुठल्या रंगीत कार्डावर मी तरी पाहिलेलं नाही. वास्तविक ते वचन खुद्द येशूने दिलं आहे आणि प्रत्येकाच्या बाबतीत न चुकता पाळलं गेलं आहे. आजीच्या डब्यात ते होतं, आणि माझ्या काकांना ते त्यांच्या लग्नाच्या दिवशी सकाळी निघालं. काकांनी वाचलं, घाम पुसला आणि सुरळी मुठीत घेऊन तसेच ओट्यावर बसून राहिले. वऱ्हाडी माणसं हसून बेजार. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "आरं, पाठीमागं बघ की!" पट्टी आखूड पडल्यामुळे तिने उरलेलं मागच्या बाजूला लिहिलं होतं: तरी धीर धरा, मी जगाला जिंकले आहे. काकांच्या संसाराला परवा बावन्न वर्षं झाली. काकू अजून म्हणते, "ह्यांनी पाठीमागचं कधी वाचलंच नाही."

१९७२च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. आजी आणि आई खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेला मिलो. तांबडी, जाडीभरडी ज्वारी ती. भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. पहिल्यांदा मिलो घरी आला तेव्हा मी पिशवीत हात घालून विचारलं, "आजी, हे काय?" ती हसायलाच लागली. म्हणाली, इस्राएल लोकांनी पण हेच इचारलं व्हतं. रानात सकाळी जमिनीवर काहीतरी बारीक बारीक पडलेलं दिसलं, कुणालाच ओळखता येईना, तेव्हा ते एकमेकांना म्हणाले, हे काय? तोच मान्ना, देवाने त्यांना धाडलेलं अन्न. त्या दिवसापासून आमच्या घरात मिलोचं नाव मान्ना पडलं. आई भाकरी करपली की म्हणायची, "आज मान्ना लागला."

मान्न्याची एक अट होती, तो उद्यासाठी ठेवायचा नाही. ज्यांनी ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. लहानपणी मला ही अट देवाने उगीच घातल्यासारखी वाटे. चाळीस वर्षं रोज देणार आहेस, तर आठवड्याचा एकदम द्यायला काय हरकत होती? (शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट मिळायचा, तेवढीच सवलत.) आता वाटतं, आठवड्याचा मिळाला असता तर लोक सहा दिवस कोठाराकडे बघत बसले असते. आजीच्या घरात कोठार नव्हतंच. तिच्या प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या वाक्यातल्या 'आज'वर नेहमी जोर पडायचा. पाऊस आला, ज्वारी झाली, मिलो बंद झाला. यहोशवाच्या पुस्तकात लिहिलं आहे, की लोकांनी कनान देशाचं धान्य खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना थांबला. आजीने हेही काढून दाखवलं होतं. कोण जाणे, तिच्या शास्त्रात आमच्या घराबद्दल लिहिलेली पानं जास्त होती.

आजीनंतर डबा आईकडे आला आणि आईबरोबर पुण्याला. २०११ साली आम्ही शहराच्या कडेला एक फ्लॅट बुक केला. ताबा तीन वर्षांत. त्या ३१ डिसेंबरला आईला यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं निघालं, माझे लोक शांतीच्या घरात, सुरक्षित ठिकाणी, निवांत विसावतील अशा अर्थाचं. आईने ती चिठ्ठी भाड्याच्या घरातल्या आरशाच्या चौकटीत खोचली. नव्या घरात आपल्या खोलीची खिडकी पूर्वेला हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

तीन वर्षांनी बिल्डरचं पत्र आलं. काही अपरिहार्य कारणांमुळे विलंब होत आहे. मग दुसरं. मग तिसरं, त्यात वाळूचा तुटवडा. पाच पत्रं आली आणि पाचही पत्रांच्या शेवटी, सहीच्या वर, छापलेलं होतं: आपला विश्वासू.

शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं तेव्हा सांगितलं होतं, की मुख्याध्यापकांना लिहाल तर 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' आणि बाकी कुणाला लिहाल तर 'आपला विश्वासू'. वर्गात आज्ञाधारक कोण होतं ते मुख्याध्यापकांना चांगलं माहीत होतं. मायन्यातले शब्द कुणी तपासत नाही. पण ख्रिस्ती माणसाची इथे पंचाईत होते, कारण हाच शब्द आमच्या शास्त्रात देवासाठी आहे. देव विश्वासू आहे, असं प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. विश्वासू नोकर, विश्वासू मुनीम असं आपण म्हणतो, म्हणजे ज्याच्या हाती किल्ल्या द्याव्यात असा माणूस. तो शब्द खालून वर, नोकराकडून धन्याकडे जायचा. शास्त्राने तो धन्यालाच लावला. शिवाय तीमथ्याला लिहिताना पौल एक विचित्र गोष्ट सांगतो. आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. सर्वसमर्थाला न जमणारी गोष्ट! बिल्डरला ती सहज जमत होती.

२०१६च्या पावसाळ्यात आई गेली. चिठ्ठी आरशातच होती, कडा पिवळ्या झालेल्या. दफनविधीला योहानाचा चौदावा अध्याय वाचला, बहुतेक वेळा तोच वाचतात, माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. कबरस्तानातून परतल्यावर एका मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बघ, वचन पुरं झालं का नाही? गेली शांतीच्या घरात." मावशी मनाने फार चांगली आहे. तिचा यावर विश्वास आहे आणि, खरं सांगायचं तर, माझाही आहे. पण त्या दिवशी मला राग आला. आईला पूर्वेची खिडकी हवी होती. ती मिळाली नाही. हे आधी थोडा वेळ तसंच राहू द्यायला काय हरकत होती? देवाच्या बाजूने इतक्या घाईने वकीलपत्र घ्यायची गरज नसते. तेव्हा मला डब्यातली ती दोन शब्दांची चिठ्ठी आठवली. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं. काही मिनिटांचाच प्रश्न होता. तरी तो लाजराच्या बहिणींजवळ उभा राहून रडला. शब्द पाळणारा माणूस शब्द पाळण्याआधी रडतो, हे आजीने डब्यात का घातलं होतं ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

फ्लॅटचा ताबा २०१८ मध्ये मिळाला. राहायला गेल्यावर पहिल्याच ३१ डिसेंबरला मला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ते प्रसिद्ध वचन निघालं, ज्याच्या फ्रेमा निम्म्या ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर असतात: ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्या रात्री झोप येईना म्हणून एकोणतिसावा अध्याय पहिल्यापासून वाचला. तर ते चक्क एक पत्र निघालं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या राजाला, कारागिरांना आणि लोहारांना यरुशलेमेतून बाबेलला नेलं. त्यांना यिर्मयाने मागे राहून लिहिलेलं, माणसांहाती पाठवलेलं पत्र. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना सांगतो, दोनच वर्षं, मग सगळे परत येतील. टाळ्या त्याला पडल्या असणार. यिर्मया लिहितो, घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोराबाळांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षं पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. आणि याच्या पुढच्याच ओळीत ते हिताचे संकल्प.

सत्तर वर्षं! हे दहावं वचन. फ्रेम अकराव्याची करतात. आजीनेही अकरावंच कापलं होतं. क्लेशांची चिठ्ठी डब्यात ठेवणाऱ्या बाईच्या कात्रीलाही हे दहावं झेपलं नाही. ज्यांनी हे पत्र वाचलेलं ऐकलं त्यांच्यातले बहुतेक बाबेलातच मातीत गेले असणार, आपण लावलेल्या झाडाखाली. परतले ते त्यांची नातवंडं, पारसाच्या कोरेश राजाच्या हुकमाने. त्या आजोबांना काय वाटलं असेल? वचन माझं की नातवाचं? की 'तुमच्याविषयी' म्हणताना देव माणसं वेगवेगळी मोजतच नाही? इतका मोठा करारनामा आपण बोटभर पट्टीवर उतरवतो आणि वर लिहितो, सन अमुकअमुक. बाबेलात नेलेल्यांपैकीच एक असलेल्या दानिएलाने यिर्मयाचं हे सत्तर वर्षांचं वचन म्हातारपणी वाचलं, वर्षं मोजली आणि गोणपाट नेसून, राख घेऊन प्रार्थनेला बसला. वर्षं भरत आली म्हणून त्याने बोचकं बांधायला घेतलं, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

आईची चिठ्ठी आता नव्या घरात माझ्या शास्त्रात आहे, यशयाच्या पानात. पूर्वेच्या खिडकीत बायकोने तुळस आणि गवती चहा लावला आहे. घरं बांधा, बागा लावा, त्यातलं अर्धं तरी झालं.

गेल्या वर्षी मी एक आगाऊपणा केला. दहावं वचन स्वतःच्या हाताने एका पट्टीवर लिहिलं, सुरळी केली आणि डब्यात टाकली. मुलगी म्हणाली, "बाबा, नवीन वर्षाला सत्तर वर्षं थांबा म्हणून कोण सांगतं?" मी म्हटलं, शास्त्र सांगतं. ३१ डिसेंबरला डबा फिरला. कुणालाच ती निघाली नाही. माझी पाळी शेवटची होती. आजीच्या चिठ्ठ्या जुन्या दुरेघी कागदाच्या, मऊ पडलेल्या. माझी नव्या जाड कागदाची. डोळे मिटले तरी बोटांना कळत होतं ती कुठली. आणि माझा हात डब्याच्या कडेकडेने फिरला.