डार्कथ्रोनची सीडी आणि फोंड्यातला पाऊस

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ परत लावलाय, १९९४ चा अल्बम पण अजून अंगावर येतो. सगळी वाद्यं एकट्या फेनरिझनं वाजवलीत, तीही फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर, म्हणजे चारच ट्रॅक घेणाऱ्या साध्या मशीनवर, आणि वर नॉक्टर्नो कल्टोचा तो खरवडलेला आवाज. ड्रम्स जवळजवळ एकाच चालीत धावतात, गिटार मोहोळासारखी घुमते, बेस तर शोधावा लागतो, पण थोड्या वेळानं कान तयार झाले की त्या घुमण्यातूनच एक उदास चाल वर येते आणि मग सुटका नाही. लोक म्हणतात रेकॉर्डिंग खराब आहे, अरे तेच तर हवं होतं त्यांना! चकाचक साऊंडमध्ये ही थंडी येणारच नाही.

चार गाण्यांचे बोल बुर्झुम या दुसऱ्या नॉर्वेजियन ब्लॅक मेटल बँडच्या वर्ग विकर्नेसचे आहेत, त्या माणसाचे वर्णद्वेषी विचार मला अजिबात पटत नाहीत, हे सांगायलाच हवं.

आमच्या फोंड्यात पावसात बुकलेटची पानं चिकटतात, म्हणून केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवतो. कव्हरवरचा मेणबत्त्या धरलेला काळापांढरा फेनरिझ मला हातात धरूनच बघायचा असतो, मोबाईलवर नाही. तिन्हीसांजेला आई आवाज बंद करायला लावते, मग रात्री हेडफोन.

नवीन असाल तर पहिलंच गाणं घ्या, पण मध्ये थांबवू नका.